गाठीचं टोक

पत्की वकिलांच्या टेबलावर कागद उडू नयेत म्हणून माझ्या वडिलांचा ट्रान्सफॉर्मर ठेवलेला होता.

त्याच्याकडे बघायचं नाही असं मी घरूनच ठरवून निघाले होते, पण डोळे तिथंच गेले. वकिलांच्या ते लक्षात आलं. माणूस चलाख. त्यांनी तो दोन्ही हातांनी उचलला आणि शेजारी बसलेल्या पक्षकाराला दाखवला.

"पाटील, ही काय चीज आहे ठाऊक आहे? कराडचा ऐतिहासिक भोंगा. आणि या बाई बसल्यात ना, डांगरे बाई, मुलींच्या शाळेत शास्त्र शिकवतात, यांच्याच घरचा माल."

पाटील माझ्याकडे बघून ओशाळले. मी हसले. हसायचं, हेही घरून ठरवूनच आले होते.

मग वकिलांनी ती गोष्ट सांगितली. ती मी आयुष्यभर चार तोंडांनी ऐकली होती, त्यांच्या स्वतःच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकत होते. सन एकसष्ट, वाचनालयाचा वर्धापनदिन. मिरजेहून एक नावाजलेल्या गायिका आलेल्या. वकिलांना तेव्हा रेडिओचं वेड होतं. मासिकातल्या आकृतीवरून त्यांनी घरी एक व्हॉल्व्हचा अॅम्प्लिफायर बांधला होता, गावातला पहिला. त्याचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर, म्हणजे व्हॉल्व्हमधून निघालेला आवाज स्पीकरला पोचवणारा भाग, माझ्या वडिलांनी गुंडाळून दिला होता. तो कार्यक्रमाच्या दिवशीच हातात पडला. वकिलांनी हॉलमध्येच घाईघाईनं जोडला आणि बटण दाबलं.

"आणि पाटील, असा भोंगा सुटला की बाहेर टांग्याची घोडी बुजली. दोन तास मी धडपडलो. व्हॉल्व्ह बदलले, तारा हलवल्या, माइक काढून टाकला. भोंगा काही थांबेना. बाईंनी तंबोरा गवसणीत घातला. शेवटी मी लोकांना हात जोडले, म्हटलं, मंडळी, आपण गाणं मागवलं होतं, डांगऱ्यांनी गिरणीचा भोंगा पाठवलाय."

आता पाटीलही हसले. सतरा वर्षांपूर्वी सगळा हॉल हसला होता.

मी माझा अर्ज पुढं केला. यंदाच्या वर्धापनदिनाला वकिलांच्या साठीचा सत्कार होता आणि त्यात त्यांचा तो पहिला अॅम्प्लिफायर वाजवून दाखवायचा होता. आप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, ट्रान्सफॉर्मर काढून त्यांनी मुंबईचा बसवला होता, तेव्हापासून तो बिनतक्रार चालत होता. मी लिहिलं होतं की माझ्या नववीच्या मुलींना यंत्रातला दोष कसा शोधायचा ते शिकवायचं आहे. तेव्हा सत्काराआधी अर्धा तास हा जुना ट्रान्सफॉर्मर पुन्हा जोडावा, भोंगा वाजवावा आणि तो का वाजतो ते सर्वांसमोर शोधावं.

वकिलांनी कागद हात लांब करून धरला, डोळे बारीक केले. चष्मा खणात होता. चारचौघांत तो लावायचे नाहीत.

"भोंगा वाजवायचा?" ते खुशीत म्हणाले. "तुमच्या वडिलांना राग नाही ना येणार?"

"तेही येणार आहेत," मी म्हटलं. "फक्त एक करा साहेब, जोडणी तुमच्याच हातांनी करा. तेव्हा जशी केली होती, अगदी तश्शी."

त्यांनी तो ट्रान्सफॉर्मर परत कागदांवर ठेवला. त्याच्या एका टोकाशी धुळीनं काळी पडलेली दोऱ्याची गाठ मला दिसली. माझं सगळं काम त्या गाठीवर होतं.

ती गाठ ही आप्पांची खूण. आम्ही जातीचे कासार. आजोबांपर्यंत भांडी, पण आप्पांचा जीव तांब्याच्या तारेत. घरच्या सोप्यात चाक लावून ते ट्रान्सफॉर्मर गुंडाळायचे. साताऱ्यापासून सांगलीपर्यंतचे रेडिओवाले त्यांच्याकडे यायचे, कारण त्यांचा वेढा कधी चुकत नसे. स्पीकरकडच्या जाड तारेची दोन टोकं बाहेर निघतात, एक जिथून गुंडाळायला सुरुवात केली ते आणि दुसरं जिथं संपलं ते. दिसायला दोन्ही सारखीच. पण उलटसुलट जोडली तर घोटाळा होतो. म्हणून आप्पा सुरुवातीच्या टोकाला लाल दोऱ्याची गाठ मारत. गाठीचं टोक अर्थला, म्हणजे जमिनीच्या जोडाला, मोकळं टोक स्पीकरला. हे रेडिओवाल्यांना इतकं पाठ झालं होतं की डांगऱ्यांचा माल कुणी तपासून घेत नसे. गाठ बघायची आणि जोडून मोकळं व्हायचं.

त्या कार्यक्रमाच्या आठवड्यात आप्पा तापानं फणफणले होते. तरी उठून शेवटचे वेढे घातले, आणि पडले. दुपारी मीच तो पिशवीत घालून वकिलांकडे पोचवला. मी दहा वर्षांची होते. संध्याकाळी हॉलच्या दारात उभी राहून मी तो भोंगा ऐकला आणि नंतरचं हसणंही.

त्याच रात्री आप्पा तापातच वकिलांकडे जाऊन आले. आल्यावर आई काय काय विचारत होती. ते एवढंच म्हणाले, "माझीच चूक झाली." दुसऱ्या दिवशी सोप्यातलं चाक काढून माळ्यावर टाकलं. नंतर जन्मभर गावोगावच्या बाजारांत बसून स्टो दुरुस्त केले.

त्या सालातलं मला सगळं आठवतं. शाळेत पोरी मला बघून तोंडानं भोंगा वाजवायच्या. शिवणाच्या तासाला मी रुमालावर पोपट भरत होते, त्याची चोच शेवटपर्यंत राहूनच गेली. दोरा संपला म्हणून बाईंनी हातावर पट्टी मारली आणि मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, भोंग्याला मारू नका बाई, वाजेल. तेव्हाच मी वकिलांवर डूख धरला. लहान मुलाचा राग विसरतो असं मोठी माणसं म्हणतात. मी तीस वर्षं मुलं शिकवली. मुलं काही विसरत नाहीत, फक्त बोलायचं थांबतात.

कॉलेजात फीडबॅकचा धडा आला आणि तिथं मला माझं हत्यार सापडलं. चांगल्या अॅम्प्लिफायरमध्ये स्पीकरकडून एक बारीक तार परत पहिल्या व्हॉल्व्हकडे नेलेली असते. बाहेर पडणारा थोडा आवाज ती उलटा करून आत आणते आणि चुका दुरुस्त करते. मुलींना मी झोक्याचं उदाहरण द्यायचे. झोका आपल्याकडे येत असताना हात आडवा धरला तर तो ताब्यात राहतो. तोच हात तो पुढं जाताना लावला तर दर खेपेला वर, वर, आणि शेवटी कडीतून निसटतो. ट्रान्सफॉर्मरची दोन टोकं अदलाबदल झाली की आडवा हात ढकलणारा होतो आणि अॅम्प्लिफायर आपणहून किंचाळायला लागतो.

म्हणजे ट्रान्सफॉर्मर निर्दोष होता. पत्कींनी घाईत गाठ न बघता टोकं उलटी जोडली होती आणि दोन टोकं बदलायची सोडून माझ्या बापाचं नाव बदललं होतं. त्या दिवसापासून मला एकच गोष्ट हवी होती. त्याच हॉलमध्ये, त्याच लोकांसमोर, पत्कींनी स्वतःच्या तोंडानं चूक कबूल करावी आणि ते आप्पांनी समोर बसून ऐकावं.

आप्पा यायला तयार नव्हते. मी पांढरं धोतर काढून ठेवलं, कोटाला इस्त्री केली. ते स्टोच्या पिना निवडत बसले होते.

"सिंधे, जुनं उकरून काय मिळणार हाय?"

"तुमचं नाव मिळेल."

"माझं नाव माझ्यापाशीच हाय. कुठं गेलं न्हाई."

मी त्यांना खूप बोलले. तुम्ही तेव्हा गप्प बसलात म्हणून आई झुरली, म्हणून मी भोंग्याची पोर झाले, तुम्हाला कणा नव्हता तर नव्हता, पण आता माझ्या आड येऊ नका. असलं बरंच. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग पिनांची डबी बंद केली आणि म्हणाले, "चल. पण काय करशील ते नीट बघून कर."

मी ते नेहमीचं बापाचं सांगणं समजले.

वर्धापनदिन रविवारी सकाळी होता. हॉल भरला होता, मागं खिडक्यांतही माणसं. अध्यक्ष होते डॉक्टर शेणोलीकर, ऐंशीच्या घरातले. एकसष्टच्या कार्यक्रमालाही तेच अध्यक्ष होते. आप्पांना मी पहिल्या रांगेत बसवलं. माझ्या नववीच्या चाळीस मुली खाली सतरंजीवर. व्यासपीठावर टेबल, टेबलावर तो अॅम्प्लिफायर, आडवा करून ठेवलेला, म्हणजे पोटातल्या तारा सगळ्यांना दिसाव्यात.

वकिलांनी रुमालानं ट्रान्सफॉर्मरवरची धूळ पुसली. गोष्ट पुन्हा एकदा सांगितली आणि लोक पुन्हा एकदा हसले. मग ते जोडायला वाकले. मी मुद्दाम दोन पावलं लांब उभी राहिले.

"हे बघा मुलींनो," ते मोठ्यानं म्हणाले, "गाठीचं टोक अर्थला, मोकळं स्पीकरला. तुमच्या बाईंच्या वडिलांचाच नियम. सगळ्या रेडिओवाल्यांना पाठ होता. मी तेव्हाही असंच जोडलं होतं."

मनात म्हटलं, बोला. चारशे माणसांदेखत खोटं बोला. जितकं बोलाल तितकं मला बरं.

बटण दाबलं. व्हॉल्व्ह लाल व्हायला अर्धं मिनिट गेलं. मग तो आवाज आला. सतरा वर्षांनी तोच. आधी खालच्या पट्टीत घुमल्यासारखा, मग चढत चढत कानात सळई घातल्यासारखा. मुलींनी कान झाकले, मागं कुणीतरी शिट्टी मारली. वकिलांनी हात पसरून लोकांकडे बघितलं, जणू एखादा साक्षीदार हजर केलाय. आप्पा मात्र जमिनीकडे बघत होते.

मी आवाज कमी केला नाही. लोकांना पुरता ऐकू दिला. मग एक हात पाठीमागं बांधला, कारण चालू यंत्रात दोन हात घालायचे नाहीत, आणि एकेक करून दोष तपासत गेले. माइक काढला, भोंगा चालूच. म्हणजे दोष माइकचा नाही. पहिला व्हॉल्व्ह बदलला, चालूच. तारा लाकडी पट्टीनं दूर केल्या, चालूच. वकील मान डोलवत होते, हे सगळं त्यांनीही केलं होतं. मग मी चिमट्यानं ती फीडबॅकची बारीक तार सोडवली.

भोंगा टपकन थांबला.

पंख्याची करकर ऐकू आली. मी शेजारी जोडलेल्या ग्रामोफोनच्या तबकडीवर सुई ठेवली. सनई वाजायला लागली. थोडी खरखरीत, पण सनईच.

"आता सांगा," मी मुलींना विचारलं, "ट्रान्सफॉर्मर खराब असता तर सनई वाजली असती का?"

"नाही, बाई," चाळीस मुली म्हणाल्या.

मी वकिलांकडे बघितलं. त्यांचा चेहरा उतरायला लागला होता आणि मला ते गोड लागत होतं. खोटं कशाला बोलू, सतरा वर्षांत इतकं गोड काही लागलं नव्हतं. मी सांगितलं की दोष एवढाच, परत येणारा आवाज अडवण्याऐवजी ढकलतोय. ट्रान्सफॉर्मरची दोन टोकं अदलाबदल केली की झालं. बटण बंद केलं. पण बंद केल्यावरही आतल्या कंडेन्सरमध्ये तीनशे व्होल्ट दबा धरून बसलेले असतात, ते ओसरेपर्यंत हात घालायचा नसतो. म्हणून आप्पांचा नियम होता, शंभर आकडे मोजायचे.

"मोजा," मी मुलींना म्हटलं. त्या मोजायला लागल्या. मी टेबलावरचा दिवा जवळ ओढला आणि सोल्डरिंग आयर्न तापत ठेवून आत वाकले.

एक, दोन, तीन.

अर्थच्या खिळ्याला जोडलेल्या टोकाला गाठ होती.

मी डोळे चोळले. वकिलांनी खरंच गाठीचं टोक अर्थला जोडलं होतं. म्हणजे आज. पण आज गाठ अर्थला असताना भोंगा वाजला होता. पंधरा, सोळा. गाठ सुरुवातीच्या टोकाला असेल तर हे होणं शक्यच नव्हतं. मी नखानं कडेचा मेणकागद उचलून बघितला. गाठीची तार आतून, पहिल्या थरातून निघायला हवी होती. ती वरच्या, शेवटच्या थरातून निघाली होती.

गाठ चुकीच्या टोकाला होती. तीस, एकतीस. आप्पा चुकले? आप्पा, तापात?

मी दिवा आणखी खाली घेतला. रुमालानं पुसल्यामुळं गाठीवरचा काळेपणा गेला होता. आप्पांचा दोरा सुती असायचा, विटकरी लाल, पतंगाच्या रिळाचा. हा चमकत होता. हा रेशमी होता, किरमिजी. भरतकामाचा.

पन्नास, एक्कावन्न.

मग मला ती दुपार दिसली. आप्पा भिंतीकडे तोंड करून निजलेले. चौरंगावर ट्रान्सफॉर्मर, दोन टोकं बाहेर, गाठ नाही. वकिलांचा निरोप दोनदा येऊन गेलेला. रीळ कुठं सापडेना, म्हणून मी दप्तरातून रेशमाची लडी काढली. आप्पा सुरुवातीचं टोक नेहमी डाव्या हाताला ठेवत, ते मला माहीत होतं. पण ते चौरंगाच्या पलीकडं बसत आणि मी अलीकडं बसले होते. माझ्या डाव्या हाताचं टोक मी धरलं, दुहेरी गाठ मारली, उरलेला दोरा दातांनी तोडला. आप्पांना न उठवता काम केलं म्हणून उड्या मारत गेले. आणि पोपटाच्या चोचीला दोरा उरला नाही.

ऐंशी, एक्क्याऐंशी. मुलींचा आवाज आता चढला होता, शंभर जवळ आले की मुलं ओरडतातच.

मी मान वर केली. वकील रुमालानं कपाळ टिपत होते. शेणोलीकर डॉक्टर काठीवर हनुवटी टेकून बघत होते. आप्पा माझ्याकडे बघत होते, सकाळपासून पहिल्यांदाच.

अजून वीस आकडे होते. सरळ उभं राहून सांगायला वीस आकडे पुष्कळ झाले. मला आठवतंय, मी तेवढ्यात विचार केला. मी विचार केला की हा माणूस गाठ बघून जोडत होता हे खरं, पण हसला तर होता. सतरा वर्षं हसला होता. मला ते हसणं परत द्यायचं होतं, चूक कुणाची का असेना.

"शंभर!"

मी आयर्न लावलं. डाख, म्हणजे जोडाचं शिसं, पातळ झाला, टोक सुटलं. गाठ नखानं पुढं सरकवून तारेवरून काढली आणि मुठीत घेतली. टोकं बदलली, डाख दिला, फीडबॅकची तार जोडली, बटण दाबलं. अर्धं मिनिट गेलं. मग सनई आली. खरखर नाही, घरघर नाही. मुंबईच्या ट्रान्सफॉर्मरवरही कुणी अशी ऐकली नव्हती. जुनी माणसं मान हलवायला लागली.

शेणोलीकर डॉक्टरांचा आवाज अजून खणखणीत होता. ते म्हणाले, "म्हणजे वकील, भोंगा डांगऱ्यांचा नव्हता. तार तुम्हीच उलटी लावलीत."

"नाही डॉक्टर," वकील गडबडले. "गाठ... मी गाठ बघूनच..." ते वाकून शोधायला लागले. "गाठ कुठं गेली?"

"डाख देताना जळली," मी म्हटलं. "ती अर्थच्या टोकाला नव्हतीच साहेब, स्पीकरच्या टोकाला होती. तुम्ही चष्मा लावला नव्हता."

हॉल हसला. या खेपेला हसणं त्यांच्याकडे गेलं. मागून कुणी तरी तोंडानं भोंगा वाजवला, आणि मला ज्या गोष्टीची सतरा वर्षं तहान होती ती मी घोटाघोटानं प्यायले.

वकील सावकाश उभे राहिले. मला वाटलं होतं ते वाद घालतील, वकीलच ते. पण त्यांनी खिशातून चष्मा काढला, सगळ्यांदेखत डोळ्यांवर चढवला, टेबलाकडे बघितलं. मग म्हणाले, "तेव्हा घाई होती. लावली असेन उलटी. लावलीच असणार." पायऱ्या उतरून ते पहिल्या रांगेकडे गेले आणि साठीचा सत्कार व्हायचा तो माणूस माझ्या वडिलांपुढे वाकला. "डांगरे, मी तुमची भाकरी घालवली. मला क्षमा करा."

लोक टाळ्या वाजवत होते. आप्पांनी त्यांचे दोन्ही खांदे धरून त्यांना वर उठवलं. वकिलांच्या खांद्यावरून ते माझ्या मिटलेल्या मुठीकडे बघत होते.

सत्कार, हार, चहा सगळं आटपून आम्ही चालत निघालो. मला वाटत होतं, ते काही तरी बोलतील. नदीकडे उतरणाऱ्या रस्त्याला लागलो. मग ते थांबले आणि हात पुढं केला.

"दे."

"काय?"

"मुठीत हाय ते."

मी मूठ उघडली. रेशमाची ती गाठ घामानं भिजून आणखी लाल झाली होती. आप्पांनी ती उन्हात धरली.

"पोपटाची चोच," ते म्हणाले.

मी विचारलं, तुम्हाला ठाऊक होतं? ते म्हणाले, त्याच रात्री. वकिलांकडे गेले, कंदिलात बघितलं, तेव्हाच कळलं. टोकं बदलून दाखवली असती तर यंत्र तिथल्या तिथं वाजलं असतं. पण मग वकिलानं विचारलं असतं, गाठ कुणी मारली.

"मग सांगायचं होतं ना. तापात चुकलो म्हणायचं."

"तेच म्हणालो की. माझीच चूक म्हणालो."

"पण काम का सोडलंत? चाक का काढलंत?"

आप्पांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं मी एखाद्या चुकलेल्या गणिताकडे बघते. "पुढच्या खेपेला तू परत गाठ मारायला आली असतीस. तुला नको म्हणालो असतो, तर तू कारण विचारलं असतंस. कारण विचारल्याबिगर तू कधी काय ऐकलंयस?"

सकाळी त्यांना मी कणा नाही म्हणाले होते.

"आप्पा, मी उद्या त्यांच्याकडे जाऊन सांगते."

"सांगशील?" त्यांनी विचारलं. रागानं नाही. मी खरंच सांगेन का, हे त्यांना जाणून घ्यायचं होतं. थोडा वेळ वाट बघितली. मग माझा हात धरून तळव्यावर ती गाठ ठेवली आणि बोटं एकेक करून मिटवली. "सतरा वर्सं मी सांभाळली. आता तू सांभाळ."

दुसऱ्या दिवशी मी गेले नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मग दसरा आला, आणि दसऱ्याला पत्की वकीलच आमच्या दारात आले, डोळ्यांवर चष्मा, हातात आपट्याची पानं. आप्पांच्या हातावर सोनं ठेवून वाकले. पुढं दरवर्षी आले. आप्पा गेल्यावरही येत राहिले, त्यांच्या फोटोपुढं पानं ठेवायचे, मग खुर्चीत बसून म्हणायचे, "बाई, तुम्ही माझे डोळे उघडलेत."

असे अकरा दसरे. दर वेळी मी आत जायचे, चहाचं आधण ठेवायचे, लुगड्यांच्या ट्रंकेतल्या त्या रुमालाची आठवण यायची, ज्यात चोच नसलेला पोपट आणि ती गाठ ठेवली होती. दर वेळी ओठांपर्यंत शब्द यायचे. आणि दर वेळी दारात येऊन मी एवढंच विचारायचे, "वकीलसाहेब, साखर किती घालू?"